‘बेअरफुट गेन’ मुलांना कुठल्या वयात द्यावं?

निवांत_सायली
मुलगा सहावीत आहे. आमच्याकडे सध्या नारुतो, वन पीस आणि डीमन स्लेयर या मांगांचंच, म्हणजे जपानी कॉमिक्सचंच राज्य. परवा त्याने स्वतःहून विचारलं, “आई, खऱ्या युद्धावरची मांगा असते का?” लायब्ररीत विचारल्यावर काकांनी केइजी नाकाझावांच्या ‘बेअरफुट गेन’चा पहिला इंग्रजी भाग हातात ठेवला. जपानी नाव ‘हादाशी नो गेन’. एकूण दहा भाग आहेत म्हणे.

त्याला द्यायच्या आधी स्वतः वाचायला घेतला. बराचसा भाग घरगुती आहे. गेन नावाच्या मुलाचं हिरोशिमातलं गरीब कुटुंब, बाप लाकडी चपलांवर चित्रं रंगवणारा, युद्धाच्या विरोधात उघड बोलणारा, त्यामुळे अख्खी आळी त्यांना देशद्रोही म्हणते. पोरं भुकेली आणि महाखट्याळ. हसत होते मी. मग ६ ऑगस्ट १९४५, सकाळी सव्वाआठ. त्यानंतरची पानं वाचून पुस्तक कपाटात वरच्या फळीवर ठेवून दिलं. तो रोज विचारतोय.

कोणी आपल्या मुलांना दिलंय का? की आधी दुसरं काही द्यावं?

खवट_खोबरं
सहावीत असताना मी चांदोबातल्या वेताळाचं चित्र हाताने झाकून गोष्ट वाचायचो. माझं मत विचारात घेऊ नये.

मीनल_योकोहामा
इथला अनुभव सांगते. जपानी शाळांच्या वाचनालयात मांगा सहसा ठेवत नाहीत, पण गेन असायचाच. त्यामुळे कित्येक पिढ्यांनी तो शांततेबिंततेसाठी वाचलेला नाही, “वाचनालयात मिळणारी एकमेव मांगा” म्हणून वाचलाय. माझ्या ऑफिसातल्या पन्नाशीच्या बाईसुद्धा हेच सांगतात. मुलीच्या शाळेतल्या प्रतीला कडेने चिकटपट्ट्या होत्या आणि स्फोटानंतरच्या पानांचे कोपरे हाताळून काळे झालेले. कोणती पानं पोरं एकमेकांना दाखवतात ते बघूनच कळत होतं.

मुलीने चौथीत वाचला. काही रात्री बाथरूमला एकटी गेली नाही, हे खरं. पण तिने विचारलेले प्रश्न भाजलेल्या माणसांबद्दल नव्हते. घर कोसळून बाप, बहीण आणि धाकटा शिंजी तुळयांखाली अडकतात, आग जवळ येते, आई आणि गेन शेजाऱ्यांना हाका मारतात आणि वस्तीचा अध्यक्ष सामेजिमा पाठ फिरवून निघून जातो. “तो थांबला का नाही?” हे ती कित्येक दिवस विचारत होती. आईला तिथून ओढून बाहेर काढतो तो कोरियन शेजारी पाक. याच पाकला आळीतले लोक एरवी हिडीसफिडीस करायचे. मुलांना हे बरोबर कळतं.

द्या. पण एकटं वाचू देऊ नका.

आडवा_तिडवा
मतभेद नोंदवतो. मी पहिले चार भाग वाचलेत, जेमतेम. चित्रं ओबडधोबड, सगळ्यांचे डोळे बशीएवढे, रडताना नाकातून धबधबे. आणि मारामारी किती! शांततेवर भाषण देणारा बाप पानापानावर पोरांना बुकलतो. गेन मोठा होतो तोही दिसेल त्याला डोक्याने ढुशी मारत सुटतो. युद्ध वाईट असतं हे सांगायला एवढा आरडाओरडा कशाला? सहावीतला पोरगा यातून ढुशी मारायला शिकेल.

गणपतराव_ग्रंथालये
तिडवासाहेब, ‘गेन’ जून १९७३ पासून ‘शोनेन जंप’ या साप्ताहिकात येऊ लागला. सायलीताईंच्या चिरंजीवांच्या तिन्ही लाडक्या मालिका पुढे त्याच साप्ताहिकात आल्या. तेव्हाच्या पोरांच्या कॉमिकची भाषाच ती होती: मोठे डोळे, धक्काबुक्की, पादण्याचे विनोद. नाकाझावांनी त्याच भाषेत हिरोशिमा आणलं. वर्ष-सव्वा वर्षात ही मालिका तिथून बंद झाली, मग छोट्या नियतकालिकांतून भटकत भटकत १९८७ मध्ये संपली. पुढच्या भागांत भाषणं वाढतात, हे मात्र मान्य.

दुसरं म्हणजे हा माणूस तिथे होता. १९३९ चा जन्म, म्हणजे सहा वर्षांचा. स्फोटाच्या केंद्रापासून साधारण सव्वा किलोमीटरवर शाळेच्या फाटकाशी उभा होता. वर्गमित्राच्या आईने काहीतरी विचारलं म्हणून थांबला, आणि शाळेच्या काँक्रीटच्या भिंतीची आड मिळाल्याने वाचला. ती बाई समोर उघड्यावर होती, ती गेली. वडील, बहीण, धाकटा भाऊ त्याच सकाळी घरात जळाले. गरोदर आई त्याच दिवशी रस्त्यावर बाळंत झाली. ती तान्ही मुलगीही काही महिन्यांत गेली. गोष्टीत जवळपास हे सगळं तसंच आहे.

एक फरक आहे आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. घर जळत होतं तेव्हा नाकाझावा तिथे नव्हते. काय झालं ते त्यांना आईकडून कळलं. गोष्टीत मात्र त्यांनी गेनला तिथे उभा केलाय, तुळई उचलायचा प्रयत्न करताना. बशीएवढे डोळे आणि आरडाओरडा त्या पानावर बघा एकदा.

आडवा_तिडवा
ही माहिती नवीन आहे. चित्रं तरीही आवडत नाहीत.

खवट_खोबरं
तिडवासाहेबांनी अर्धं मत मागे घेतल्याची नोंद घ्यावी. या संकेतस्थळावर हे अधिकमासात होतं.

रातकिडा
गणपतराव, पण ते सुरुवातीला या विषयावर काढायलाच तयार नव्हते ना? कुठेतरी वाचलं होतं.

गणपतराव_ग्रंथालये
हो. तोक्योला गेल्यावर तर हिरोशिमाचं नावही काढत नसत, कारण “अणुबॉम्बवाला” कळलं की लोक अंतर ठेवायचे. लग्नं मोडायची. १९६६ मध्ये आई गेली. दहनानंतर अस्थी गोळा करायला गेले तर हाडं उरलीच नव्हती, नुसती राख. किरणोत्सर्गाने आईची हाडंसुद्धा नेली असं त्यांनी मानलं, आणि त्या संतापातून पहिली बॉम्बकथा ‘काळ्या पावसाच्या माऱ्यात’ काढली. ती छापायलाही मोठे प्रकाशक तयार नव्हते. १९६८ मध्ये प्रौढांच्या एका मासिकात आली.

डॉ_आंबटगोड
या अस्थींच्या गोष्टीवर जरा थांबतो. हाडं उरणं-न उरणं हे भट्टीचं तापमान, वय, हाडांची झीज, वर्षानुवर्षांचं आजारपण यावर अवलंबून असतं. केवळ किरणोत्सर्गामुळे असं झालं असं मी डॉक्टर म्हणून म्हणणार नाही. मुलाचा संताप खरा आहे, त्याबद्दल वाद नाही.

बाकी आजाराचं चित्रण मात्र चोख आहे. अंगावर ओरखडा नसलेला सैनिक अचानक थंडीने कुडकुडतो, रक्ताची हगवण, केस मूठमूठ हातात येतात, अंगावर जांभळे डाग आणि खेळ खलास. अस्थिमज्जा बंद पडल्यावर असंच होतं. ते तेव्हा तिथल्या डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं, आमांश समजून औषधं चालू होती. अमेरिकनांनी नंतर उघडलेल्या तपासणी केंद्राचाही गेनमध्ये भरपूर उद्धार आहे. लोकांना गाडीतून न्यायचे, कपडे उतरवून तपासायचे, नोंदी घ्यायचे, उपचार मात्र करायचे नाहीत. हेही खरं आहे.

काळी_माती
मी सांगली जिल्ह्यातला, शेती करतो. पहिल्याच पानावर तो बाप पोरांना गव्हाच्या शेतात नेतो आणि सांगतो, थंडीत पायदळी तुडवलेला गहू घट्ट मुळं धरतो आणि सरळ वाढतो, तसे व्हा. मला हे कवीचं काहीतरी वाटलं होतं. पण जपानात खरंच गव्हाची रोपं तुडवतात. कडाक्याच्या थंडीत जमिनीतलं पाणी गोठून माती वर उचलली जाते, मुळं सैल होतात. पाय देऊन माती दाबली की मुळं परत धरतात, फुटवेही जास्त येतात. आता रोलर फिरवतात म्हणे.

आमच्याकडे असली थंडीच नाही, त्यामुळे कोणी गव्हात शिरला तर त्यालाच तुडवतात.

खवट_खोबरं
+१

अस्सल_सातारी
धागा चांगला चाललाय, पण एक विचारतो. ही सगळी जपानी युद्धकथा “आमच्यावर बॉम्ब पडला” इथूनच का सुरू होते? माझे चुलत आजोबा चौथ्या मराठा बटालियनमध्ये होते. मार्च १९४४ मध्ये मणिपूरच्या सांगशाकला होते. टेकडीवर पाणी नाही, वरून विमानाने टाकलेली रसद निम्मी जपान्यांच्या हातात. गावी आल्यावर ते जपानी हा शब्दसुद्धा उच्चारत नसत, “ते लोक” म्हणायचे. सिंगापूरला पकडलेल्या आपल्या हजारो जवानांना पार न्यू गिनी, न्यू ब्रिटनपर्यंत नेऊन मजुरीला जुंपलं, किती जण उपासमारीने मेले. त्यांची मांगा कोण काढणार?

तळटीप
सातारी, रास्त प्रश्न. आणि गेनला नेमकं याचसाठी खुद्द जपानी लोकांनी त्रास दिला.

डिसेंबर २०१२ मध्ये मात्सुए शहराच्या शिक्षण मंडळाने शाळांना सांगितलं की गेन उघड्या कपाटातून काढा, मुलांनी मागितला तरी देऊ नका. त्याच महिन्यात नाकाझावा फुप्फुसाच्या कर्करोगाने वारले. बातमी बाहेर फुटली ऑगस्ट २०१३ मध्ये. आता आक्षेप कशावर होता ते बघा. भाजलेली माणसं, किडे पडलेल्या जखमा, यावर नव्हता. शेवटच्या भागांत जपानी सैन्याने आशियात केलेले अत्याचार चित्रांसकट आहेत, आणि गेन सम्राटाला थेट गुन्हेगार म्हणतो, राष्ट्रगीताला उभं राहायला नकार देतो. ती पानं बोचली. बराच गदारोळ होऊन त्याच महिन्याअखेर बंदी मागे घेतली.

२०२३ मध्ये तर खुद्द हिरोशिमाच्या शिक्षण मंडळाने प्राथमिक शाळांच्या शांतता-पाठांमधून गेन वगळला. अडलं ते दोन प्रसंगांवर: पैसे मिळवायला गेन रस्त्यावर गाणं म्हणतो तो, आणि आजारी आईसाठी दुसऱ्याच्या तळ्यातला मासा चोरतो तो. आजच्या मुलांना संदर्भ कळत नाहीत, चोरीचा गैरसमज होईल असा एकंदर सूर. मूळ पुस्तक वाचनालयात आहेच, पण पाठातून गेलं.

म्हणून मला हा “दोन्ही बाजूंनी नकोसा” लेखक आवडतो. अमेरिकेवर राग आहेच, पण त्याहून जास्त राग सामेजिमावर आहे. तो अध्यक्ष युद्धात सगळ्यांना बांबूचे भाले धरून कवायत करायला लावतो, गेनच्या बापाला पोलिसांत देतो आणि युद्ध संपल्यावर काही वर्षांनी “मी पहिल्यापासून शांततावादी” म्हणत निवडणुकीच्या प्रचारात उभा राहतो.

खवट_खोबरं
कोणत्या पक्षातून?

संपादक मंडळ
विषयाला धरून राहावे.

रातकिडा
सातारीसाहेबांसाठी शिगेरू मिझुकी. भुतांच्या मालिकेमुळे जपानात घरोघरी नाव, पण हा न्यू ब्रिटनमध्ये साधा शिपाई होता. मलेरियाने पडलेला असताना बॉम्बहल्ल्यात डावा हात गेला. १९७३ मध्ये त्यांनी काढलेली ‘सोइन ग्योकुसाई सेयो’ ही कादंबरीएवढी मांगा म्हणजे जपानी सैन्याचं आतून दर्शन आहे. अधिकारी येता-जाता शिपायांच्या थोबाडीत मारतात, पलटणीला मरेपर्यंत हल्ल्याचा हुकूम मिळतो, त्यातून काही जण वाचतात, तर वरून विचारणा होते की तुम्ही जिवंत कसे? तुम्ही मेल्याचं कळवून झालंय. मग त्यांना पुन्हा मरायला पाठवतात. माणसं कार्टूनसारखी गोलमटोल आणि मागचं जंगल फोटोसारखं. शेवटच्या पानांवर माणसंही फोटोसारखी होतात.

सहावीला नको. सैनिकांची गाणी फार वात्रट आहेत.

फिरस्ता_अप्पा
वर मात्सुए आलं म्हणून एक अवांतर. मात्सुए हे शिमाने प्रांताचं मुख्य शहर. जपान शरण आल्यावर १९४६ मध्ये ब्रिटिश राष्ट्रकुलाची फौज कुरे बंदरात उतरली, हिरोशिमाच्या शेजारी. तिच्यात एक ब्रिटिश-भारतीय डिव्हिजन होती, आणि तिच्यातल्या एका ब्रिगेडमध्ये पहिली मराठा बटालियन. ब्रिगेडियर थिमय्या, हो, नंतरचे लष्करप्रमुख तेच. या डिव्हिजनचा मुक्काम ओकायामा-शिमाने भागात होता. म्हणजे गेन राखेत डबे वेचत फिरत होता तेव्हा शेजारच्या प्रांतांत सातारा-कोल्हापूरची पोरं पहाऱ्यावर होती. जाता-येता हिरोशिमा डोळ्यांनी पाहिलं असणार. कोणाच्या घरी काही पत्रं, फोटो असतील तर टाका.

पेठेतली_पोर
ओकायामा म्हणजे आपल्या सिंहगड रस्त्यावरच्या बागेतलं ओकायामा?

फिरस्ता_अप्पा
तेच. पु. ल. देशपांडे उद्यान, म्हणजे पुणे-ओकायामा मैत्री उद्यान, हे ओकायामाच्या कोराकुएन बागेवर बेतलंय. मूळ बागेच्या शेजारी काळाकुट्ट किल्ला आहे. तो २९ जून १९४५ च्या बॉम्बफेकीत जळाला, हिरोशिमाच्या महिनाभर आधी. आज दिसतो तो १९६६ चा, काँक्रीटचा.

पेठेतली_पोर
त्या बागेत आम्हाला गवतावर बसू देत नाहीत आणि शिट्टी वाजवतात, एवढीच मैत्री आजवर माहीत होती.

खवट_खोबरं
शिट्टी पुण्याची, गवत ओकायामाचं.

मीनल_योकोहामा
अप्पा, कुरे निघालंच आहे तर फुमियो कोनो यांची ‘इन धिस कॉर्नर ऑफ द वर्ल्ड’ सुचवते. सायलीताईंच्या मूळ प्रश्नाचं “आधी काय द्यावं” याचं उत्तर माझ्यामते हेच. २००७ ते २००९ मध्ये आली, तीन भाग, आणि २०१६ चा ॲनिमेशन चित्रपटही उत्तम आहे. कोनो हिरोशिमाच्या, पण १९६८ चा जन्म, युद्ध त्यांनी ऐकलेलं.

सुझू नावाची वेंधळी, चित्रं काढणारी मुलगी लग्न होऊन कुरेला येते. सासू अधू, नणंद खाष्ट. रेशन कमी कमी होत जातं तशी ती रानभाज्या शोधते, एकदा तांदूळ भाजून रात्रभर पाण्यात फुगवून भात दुप्पट करायची युक्ती करते. भात दिसतो डोंगराएवढा आणि चवीला इतका भयंकर की सगळं घर गप्प बसून जेवतं. अशा गोष्टींनी पुस्तक भरलंय. मग एक दिवस उशिरा फुटणारा बॉम्ब. सुझूचा उजवा हात जातो आणि त्या हाताला धरून चाललेली नणंदेची छोटी मुलगी जाते. त्यानंतरच्या चित्रांमागची घरं, झाडं, डोंगर वाकडेतिकडे दिसतात. कोनोंनी ती पार्श्वभूमी स्वतःच्या डाव्या हाताने काढली आहे.

आडवा_तिडवा
हे वाचलंय आणि हे मला पटतं. ओरडत नाही.

तळटीप
ओरडत नाही म्हणूनच ते सगळ्यांना चालतं. चित्रपट बघून बाहेर पडणारे “किती गोड मुलगी” म्हणतात. कोनोंचा दोष नाही. शरणागतीची रेडिओवरची घोषणा ऐकून सुझू संतापते आणि घराबाहेर कोरियन झेंडा फडकताना दिसतो (कोरिया तोवर जपानच्या ताब्यात होता), तिथे त्यांनी सगळं सांगितलंय. पण ते पान उलटून पुढे जाता येतं. गेन पुढे जाऊ देत नाही. हिरोशिमाच्या संग्रहालयातही कातडी लोंबणारे प्लास्टिकचे पुतळे होते ते २०१७ मध्ये काढले. आता त्यांच्याऐवजी लोकांच्या खऱ्या वस्तूंवर भर आहे.

मीनल_योकोहामा
तळटीप, ते पुतळे मी पाहिलेत आणि नंतरचं दालनही. नवीन दालनात तीन वर्षांच्या पोराची जळकी तीनचाकी सायकल आहे. माझी मुलगी पुतळ्यांपुढून झरकन गेली होती, सायकलपाशी मात्र हलेना. म्हणून सौम्य म्हणजे पातळ, हे मला मान्य नाही.

तळटीप
सायकलीबद्दल वाद नाही. पण सायकल बघून सामेजिमाबद्दल कोणी विचारत नाही. तुमच्या मुलीने गेन वाचून विचारलं होतं, वर तुम्हीच लिहिलंय.

मीनल_योकोहामा
बरं, तेवढं तुमचं.

डॉ_आंबटगोड
हिंदी अनुवादही झाला आहे गेनचा. घरात आजी-आजोबांना इंग्रजी जड जात असेल तर तो शोधा. मराठीत मात्र माझ्या बघण्यात नाही.

गणपतराव_ग्रंथालये
इंग्रजी अनुवादाचीही गंमत आहे. १९७६ मध्ये तोक्योत काही जपानी आणि परदेशी तरुणांनी एकत्र येऊन फुकट काम करून तो केला. इंग्रजीत आलेल्या अगदी सुरुवातीच्या मांगांपैकी ही एक. मराठीसाठी अशी चार टाळकी या धाग्यावरच जमतील. पुण्यात जपानी शिकलेल्यांना तोटा नाही.

पेठेतली_पोर
माझी जपानीची एन-थ्री परीक्षा झालीय. पण त्यातली बोली हिरोशिमाची आहे हो, आमच्या पुस्तकी जपानीचा तिथे निभाव लागत नाही. घाटावरची मराठी शोधावी लागेल.

काळी_माती
बोली आम्ही देतो. चहा तुमचा.

निवांत_सायली
एवढे प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. मीनलताईंचा सल्ला ऐकून आधी सुझूचा चित्रपट एकत्र पाहिला. चिरंजीव निम्म्यात कंटाळले. “हे सगळे नुसतं जेवतायत.” मग सरळ गेन खाली काढला आणि दोघं शेजारी बसून वाचला. ढुश्या आणि पादण्यावर तो खदाखदा हसला (तिडवासाहेब, अजून कोणाला ढुशी मारलेली नाही). स्फोटानंतरची पानं मी म्हणाले पटकन उलटूया, तर त्याने माझा हात बाजूला केला आणि सावकाश वाचली. रडला नाही, पण जेवताना बोलला नाही.

दुसऱ्या दिवशीचा प्रश्न: “बाबा देशद्रोही नव्हते हे सगळ्यांना नंतर कळलं, मग कोणी घरी येऊन सॉरी म्हटलं का?” मी सांगितलं, पुढे वाचून बघू. आता अडचण अशी की लायब्ररीत दुसरा भाग नाही. पहिला, तिसरा आणि सातवा आहे.

रातकिडा
कोणी म्हणत नाही सॉरी. त्याला सांगू नका.

गणपतराव_ग्रंथालये
दुसरा माझ्याकडे आहे. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. परत करायची घाई नाही, पण पानं दुमडू नयेत ही विनंती.

खवट_खोबरं
सायलीताई, तुमचं झालं की तो भाग माझ्याकडे. चित्रं हाताने झाकून वाचीन.